सनमायकाखाली

पहिला थर निळा, माशांच्या टाकीच्या काळातला.
दुसरा करडा.
तिसरा काही केल्या निघेना,
फेविकॉल नव्हे, हट्टच होता तो.
पटाशी सरकवली, उलथली,
आणि खालून सागवान वर आलं,
पूर ओसरल्यावर घाटाची पायरी दिसावी तसं.

ग्लेनिसबाई म्हणाल्या, हेच. हेच आजोबांचं काउंटर.
मी म्हटलं, थांबा, अजून हसू नका.
वाळवी कुठवर पोचलीय ते बघू दे.

डिमेलोची परमिट रूम.
बिटकोकडून जेलरोडला वळलं की डाव्या हाताला,
तीन पायऱ्या चढून.
पायऱ्या आता नाहीत.
कुठल्याशा सिंहस्थाच्या रुंदीकरणात पायऱ्या गेल्या, ओटा गेला,
आणि ओट्यावर बसून
आपलीच चप्पल शोधणारे गेले.

प्रेसचा भोंगा झाला की भरायची.
दिवसभर नोटा छापून, फाटकावर अंगझडती देऊन
रिकाम्या खिशांनी सुटलेली माणसं
इथं उधारीवर प्यायची.
यावर डिमेलो दर शनिवारी तोच विनोद करायचा
आणि दर शनिवारी ती हसायची.

पगाराच्या दिवशी आई मला दाराशी पाठवायची.
"आत जायचं नाही. नुसतं दिसायचं."
मी दिसायचो.
डिमेलो काउंटरमागून बघायचा, आणि मोठ्यांदा,
"गांगुर्डे, तुझं वॉरंट आलंय!"
वडील उठायचे. कधी लगेच.
कधी ग्लास संपवून.

मग म्हातारा गेला.
पोराने खिडक्या बुजवल्या, दिवे निळे केले,
काउंटरला जाळी बसवली.
एका खाचेतून पैसे आत, क्वार्टर बाहेर.
कुणाचं तोंड बघायचं कारण उरलं नाही.
लायसन गेलं. मोबाइलच्या कव्हरांचं गोडाऊन झालं.
मग नुसतं कुलूप, सात वर्षं,
आणि सज्जात पिंपळ, न विचारता आलेला भाडेकरू.

आता खिडक्या उघडल्यात.
आरसा सापडला देवळालीच्या एका सलूनमध्ये,
त्यात अर्ध्या गावाची दाढी झालेली.
फळ्यावर दिंडोरीकडच्या वाईनची नावं,
मला वाचता येतात, बोलता येत नाहीत.
एका ग्लासाची किंमत विचारली,
आणि पॉलिशचा बोळा पुन्हा हातात घेतला.

पॉलिशलाही स्पिरिटच लागतं, त्यात चपडा लाख.
बोळा गोल गोल फिरवायचा, एका जागी थांबायचं नाही,
थांबलात तर डाग.
वास चढतो. दुपारी दोनच्या सुमारास
वडील येऊन शेजारी उभे राहिल्यासारखे वाटतात.

काउंटरच्या आतल्या कडेला,
गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशा बाजूला
खिळ्याने ओरखडलेल्या रेघा लागल्या बोटाला.
चार उभ्या, एक आडवी. चार उभ्या, एक आडवी.
नावं नाहीत, चित्रं.
छत्री. चष्मा. सायकल, एकाच चाकाची.
एक मिशी, फक्त मिशी.
आणि तळाशी एक दार,
दारात काडीएवढं पोरगं.

त्याखाली एकोणीस रेघा.
न खोडलेल्या.

आर्किटेक्ट म्हणाला, लांबी भरा, वर एक हात मारा.
मी हो म्हटलं.
ग्लेनिसबाईंना सांगितलं नाही, दार कुणाचं ते.
लांबी संपलीय म्हणालो, दोनदा.
तिसऱ्यांदा त्यांनीच वाकून पाहिलं, बोट फिरवलं,
"राहू दे," म्हणाल्या, "आजोबांचं अक्षर असंच वाईट होतं."

मजुरीच्या हिशेबात मी एकोणीस रुपये कमी लावले.
हे कसले, त्यांनी विचारलं.
म्हटलं, मागची बाकी.

शनिवारी उद्घाटन आहे. मला बोलावणं आहे, बायकोसकट.
ती शर्टाला इस्त्री करून बसलीय.
मी अजून ठरवलं नाही
आत जाईन,
की नुसता दिसेन.